जागेला कण असतात का?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण आइन्स्टाइनच्या सापेक्षतेपर्यंत आलो होतो. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. ऐकायला तो अगदी पोरसवदा वाटतो. हे समोरचं टेबल अर्धं केलं, त्याचं पुन्हा अर्धं केलं, पुन्हा अर्धं, तर हे कुठे थांबतं का? लाकडाचं आम्ही विचारत नाही. लाकूड तुटत तुटत अणूवर येईल, अणू फुटेल, आत प्रोटॉन सापडेल, हे आपण शाळेत शिकलो. आमचा प्रश्न लाकडानं व्यापलेल्या जागेबद्दल आहे. लाकूड काढून घेतलं तरी जागा उरते. त्या रिकाम्या जागेचे तुकडे करता करता शेवटचा तुकडा येतो का?

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही हा प्रश्न वर्षानुवर्षं शिकवला, तेव्हा तो जुन्या लोकांचा प्रश्न होता. आज तो सैद्धांतिक भौतिकीतल्या चालू संशोधनाचा विषय आहे. आणि त्यावर ज्यांचं काम जगभर आधार म्हणून धरलं जातं, त्यातलं एक मोठं नाव मराठी मुलखातलं आहे: अभय अष्टेकर. जन्म १९४९, खानदेशातल्या शिरपूरचा. शिक्षण महाराष्ट्रात, मग अमेरिकेत. १९७४ साली शिकागो विद्यापीठात रॉबर्ट गेरोक यांच्याकडे पीएच.डी. पुढे सिराक्यूज आणि नंतर पेन स्टेट विद्यापीठ. २०१८ साली अमेरिकन फिजिकल सोसायटीचं आइन्स्टाइन पारितोषिक त्यांना मिळालं. आपल्याकडे नारळीकरांचं नाव घरोघरी पोहोचलं, कारण त्यांनी मराठीत भरभरून लिहिलं. अष्टेकरांचं तसं झालं नाही. त्यांचं काम गोष्टीत सांगायलाही अवघड आहे. तरी आज प्रयत्न करू.

आधी अडचण काय आहे ते बघू. आइन्स्टाइननं १९१५ साली सांगितलं की गुरुत्वाकर्षण ही ओढणारी दोरी नव्हे, तो जागेचाच आणि काळाचाच बाक आहे. न्यूटनच्या हिशेबात जागा म्हणजे नाटकाचा रंगमंच होता. नटांनी यावं, नाचावं, जावं. मंच आपला स्थिर. आइन्स्टाइनच्या हिशेबात मंचच नटासारखा वागायला लागला. तो वाकतो, ताणला जातो, त्यावर लाटा उठतात. दुसरीकडे पुंज भौतिकी सांगते की हलणाऱ्या, बदलणाऱ्या गोष्टी खोलवर पाहिल्या की सलग राहात नाहीत. प्रकाश सुट्या पुड्यांनी येतो. अणूतल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा जिन्याच्या पायऱ्यांसारखी असते, उतरणीसारखी नसते. आता ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. जागा ही बदलणारी गोष्ट आहे; बदलणाऱ्या गोष्टी तळाशी सुट्या असतात. मग जागाही तळाशी सुटी असली पाहिजे, नाही का?

तर्क बरोबर वाटतो, पण तर्कानं भागत नाही, हिशेब करावा लागतो. आणि जिथे हे दिसावं ती मोजपट्टी इतकी बारीक आहे की बोलायची सोय नाही. तिला प्लँक लांबी म्हणतात. १ मीटरला १ वर ३५ शून्यं इतक्या संख्येनं भागा, साधारण तेवढी. कल्पना यावी म्हणून असं करू. ती लांबी फुगवून आपल्या ज्वारीच्या दाण्याएवढी केली आणि त्याच प्रमाणात प्रोटॉन फुगवला, तर प्रोटॉनच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला प्रकाशाला चाळीसेक वर्षं लागतील. प्रोटॉनच्या, बरं का.

हिशेब करण्याचे प्रयत्न अष्टेकरांच्या आधीही झाले. १९६७ साली ब्राइस डेविट यांनी मूळ समीकरण मांडलं. जॉन व्हीलर यांचं नावही त्याला जोडतात. पण ते समीकरण म्हणजे दाराला लावलेलं कुलूप होतं. सुटत नव्हतं. आइन्स्टाइनची भूमिती अंतरांच्या भाषेत लिहिलेली होती: या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत किती. त्या भाषेत पुंज भौतिकीचे नियम बसवायला गेलं की सगळं गुंतायचं.

१९८६ साली अष्टेकरांनी भाषा बदलली. त्यांनी अंतराऐवजी दिशा धरली. म्हणजे काय, ते पृथ्वीच्या गोलावर बघू. विषुववृत्तावर उभे राहा, हातात भाला, टोक उत्तरेकडे. भाला जराही न वळवता सरळ उत्तर ध्रुवावर चाला. तिथून काटकोनात वळून पूर्वेकडच्या दुसऱ्या रेखांशावरून खाली विषुववृत्तावर या. तुम्ही वळलात, भाला वळवायचा नाही. मग विषुववृत्तावरून पश्चिमेला चालत जुन्या जागी परत. आता भाल्याकडे बघा. टोक पूर्वेकडे झालं! तुम्ही एकदाही वळवला नाही, तरी एक प्रदक्षिणा झाली आणि भाला काटकोनात फिरला. जमीन सपाट असती तर हे झालं नसतं. म्हणजे प्रदक्षिणा घालून आल्यावर दिशा किती बदलली, एवढं कळलं तरी जागेचा बाक कळतो.

अष्टेकरांनी सापेक्षतेची समीकरणं या भाषेत मांडली आणि ती कितीतरी सोपी झाली. दुसरा लाभ त्याहून मोठा. विद्युतचुंबकीय बलाची आणि अणुकेंद्रातल्या बलांची समीकरणं याच धाटणीची असतात. त्यांच्यासाठी घडवलेली हत्यारं आता गुरुत्वावर चालवता येऊ लागली. पुढे कार्लो रोव्हेली आणि ली स्मोलिन यांनी त्या प्रदक्षिणाच, म्हणजे बंद फेरेच, सिद्धांताचा पाया म्हणून वापरले. इंग्रजीत फेऱ्याला लूप म्हणतात, म्हणून या शाखेचं नाव लूप क्वांटम ग्रॅव्हिटी.

आता मुद्दा ऐका. या लोकांनी जागेला कण आहेत असं गृहीत धरलं नव्हतं. त्यांनी विचारलं, आमच्या सिद्धांतात एखाद्या पृष्ठाचं क्षेत्रफळ मोजलं तर कोणकोणती उत्तरं येऊ शकतात? १९९५ च्या सुमारास उत्तर आलं की कोणतंही उत्तर येत नाही, ठरावीकच येतात. शून्यानंतरचं सर्वांत लहान क्षेत्रफळ ठरलेलं आहे, त्याच्या अधेमधे काही नाही. अष्टेकर आणि पोलंडचे जेर्झी लेवांडोव्स्की यांनी हेच गणिती काटेकोरपणे पक्कं केलं. घनफळाचंही तसंच. तुमच्या बोटाच्या नखावर असे सर्वांत लहान तुकडे किती मावतील? एकावर पासष्टेक शून्यं.

याला एक उपमा शोभते. घोंगडी. लांबून काळी, सलग. जवळ जाऊन बघा, उभा धागा, आडवा धागा, मध्ये फटी. अष्टेकर, रोव्हेली आणि स्मोलिन यांनी १९९२ साली एक शोधनिबंध लिहिला, त्याच्या शीर्षकातच विणकामाची भाषा आहे: पुंजांच्या धाग्यांतून आपली ओळखीची भूमिती विणायची. पण उपमा कुठे फाटते तेही सांगितलं पाहिजे. घोंगडी जमिनीवर अंथरलेली असते, तिच्या दोन धाग्यांच्या मधल्या फटीतही जागा असते. इथे धाग्यांच्या मध्ये जागा नाही, खाली जमीन नाही. धागे म्हणजेच जागा. हे मनात बसायला वेळ लागतो. आमच्याही डोक्यात ती जमीन पुन्हा पुन्हा अंथरली जाते.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय की हे कणादांनी अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितलंच होतं ना? हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. उलट आमचा विषयच तो आहे. म्हणून जरा थांबून उत्तर देऊ.

वैशेषिकांनी परमाणू मानला, हे खरं. त्यासाठी दिलेली युक्ती आजही वाचण्यासारखी आहे. ते म्हणतात, भाग पाडणं कुठेच थांबत नसेल तर मेरू पर्वतालाही अनंत भाग आणि मोहरीच्या दाण्यालाही अनंत भाग. मग मेरू मोठा आणि मोहरी लहान कशानं? दोन्ही सारखेच ठरतील. म्हणून भाग कुठेतरी संपले पाहिजेत. झरोक्यातून उन्हाची तिरीप येते, तिच्यात नाचणारा कण हा त्यांचा त्रसरेणू, आणि त्याच्याही खाली द्व्यणुक आणि परमाणू. छान. पण परमाणू कशाचे? पृथ्वी, आप, तेज, वायू, या चौघांचेच. आकाश, काळ आणि दिक् ही द्रव्यं वैशेषिकांच्या मते एकेकच आहेत, सर्वव्यापी आहेत, अखंड आहेत. त्यांना परमाणू नाहीत. आणि आज आपण ज्याला जागा म्हणतो ते त्यांच्या आकाशापेक्षा दिक् या द्रव्याच्या जवळ जातं, कारण त्यांचं आकाश हा शब्दाचा, ध्वनीचा आश्रय आहे. म्हणजे कणादांना साक्षीला बोलावलं तर ते अष्टेकरांच्या विरुद्ध साक्ष देतील!

मग बाजूनं कोण? जैन. धाराशिवच्या लेण्यांमध्ये आपण सगळे कधी ना कधी गेलो आहोत. ती मुळात बौद्ध की जैन, हा अभ्यासकांचा वाद आहे, पण आत पार्श्वनाथ आहेत. ज्या परंपरेनं त्या मूर्ती घडवल्या, त्या परंपरेत आकाशालाच प्रदेश मानले आहेत. प्रदेश म्हणजे एका परमाणूनं व्यापलेली, आणखी न विभागता येणारी जागा. लोकाकाशाचे प्रदेश असंख्यात, सगळ्या आकाशाचे अनंत. काळालाही अविभाज्य समय आहे. भारतीय दर्शनांत जागेच्या कणाची एवढी उघड मांडणी आम्हाला दुसरीकडे दिसत नाही. तरीही हे तेच नव्हे. जैनांचे प्रदेश स्थिर आहेत, ते वाकत नाहीत, त्यांची संख्या कोणत्या वस्तुमानावर अवलंबून नाही. तो न्यूटनचाच मंच आहे, फक्त फरशी बसवलेला. शिवाय त्यांचा प्रदेश किती मोठा, हे काढायची वाट त्या शास्त्रात नाही. अष्टेकरांच्या इथे आकडा येतो.

तेव्हा “आमच्याकडे होतंच” म्हणणाऱ्यांना आम्ही एवढंच म्हणतो, आधी वाचा. वाचलं तर मतभेद दिसतील, आणि मतभेद जास्त मोलाचे आहेत. उदाहरण देतो. बौद्ध आचार्य वसुबंधूंनी परमाणूवाद्यांना विचारलं, तुमच्या परमाणूला सहा बाजूंनी सहा परमाणू येऊन चिकटले, तर त्याला सहा बाजू झाल्या. सहा बाजू म्हणजे सहा भाग. मग अविभाज्य कसा? आणि बाजूच नाहीत म्हणाल, तर सातही परमाणू एकाच ठिकाणी मावतील आणि डोंगरसुद्धा परमाणूएवढाच राहील. हा प्रश्न जागेच्या कणालाही जसाच्या तसा लागू आहे. लूपवाल्यांच्या चित्रात त्याला उत्तर आहे. त्या चित्रात गाठी आहेत आणि गाठींना जोडणाऱ्या रेषा आहेत. गाठ म्हणजे घनफळाचा एक कण, रेषा म्हणजे दोन कणांमधलं सामाईक क्षेत्रफळ. बाजू ही कणाच्या पोटात नसतेच, ती दोन कणांच्या नात्यात असते. शेजारी सहा असले म्हणून घराच्या सहा खोल्या होत नाहीत. वैशेषिकांनी संयोग हा दोन द्रव्यांत मिळून राहणारा गुण मानला, त्या वाटेनं विचार गेला असता तर काय झालं असतं, हा आमचा जुना छंद आहे. पण तो राहू द्या.

आता खरी गोष्ट. हे मडकं भाजलेलं आहे की कच्चं? तेरच्या गोरोबाकाकांची कथा तुम्हाला आम्ही सांगायची गरज नाही. थापटणं घेऊन त्यांनी संतमंडळींच्या डोक्यावर एकेक मारलं आणि नामदेवांना कच्चं ठरवलं. सिद्धांताच्या डोक्यावरही थापटणं बसावं लागतं, तो कितीही देखणा असो.

एक थापटणं २००९ साली बसलं, असं पुष्कळांना वाटलं. जागा दाणेदार असेल तर प्रकाशाला खडबडीत रस्त्यावरून चालल्यासारखं होईल, आणि जास्त ऊर्जेचा प्रकाश थोडा मागे पडेल, असा एक अंदाज होता. फरक अगदी कणभर, पण प्रवास अब्जावधी वर्षांचा असेल तर साठत साठत दिसेल. १० मे २००९ रोजी फर्मी उपग्रहानं गॅमा किरणांचा एक स्फोट टिपला. तो प्रकाश सुमारे ७३० कोटी वर्षं चालत आला होता. त्यातला एक अतिशय ऊर्जावान फोटॉन बाकीच्यांच्या मागोमाग, एका सेकंदाच्या आत हजर झाला. ७३० कोटी वर्षांची वाट, आणि फरक सेकंदाच्याही आत! त्या खडबडीत रस्त्याची सगळ्यात सरळ कल्पना तिथे बाद झाली.

मग लूप सिद्धांत कच्चा ठरला का? नाही, आणि का नाही ते समजून घेण्यासारखं आहे. शंका अशी: आइन्स्टाइन सांगतो की वेगानं जाणाऱ्याला लांबी आखडलेली दिसते. मग सर्वांत लहान क्षेत्रफळ त्याला आणखी लहान दिसेल, म्हणजे ते सर्वांत लहान राहिलंच कुठे? रोव्हेली आणि सिमोने स्पेझियाले यांनी २००३ सालीच याचं उत्तर दिलं होतं. इलेक्ट्रॉनच्या फिरकीचं उदाहरण घ्या. कोणत्याही दिशेनं मोजा, उत्तरं दोनच, वर किंवा खाली. तुम्ही उपकरण तिरकं धरलं म्हणून उत्तर तिरकं येत नाही, दोन उत्तरांपैकी कोणतं किती वेळा येईल तेवढं बदलतं. क्षेत्रफळाचंही तसंच. वेगानं जाणाऱ्याच्या यादीतही तेच आकडे आहेत, बदलते ती शक्यता. म्हणून दाणे असूनही रस्ता खडबडीत असलाच पाहिजे असं नाही. युक्तिवाद आम्हाला पटतो. पण याचा दुसरा अर्थही लक्षात घ्या. थापटणं नेमकं डोक्यावर बसलं नाही. म्हणून मडकं पक्कं ठरलं, असंही होत नाही.

कच्ची जागा दाखवायची तर आम्ही कृष्णविवराकडे बोट दाखवू. बेकेनस्टाइन आणि हॉकिंग यांच्या कामातून कळलं होतं की कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते, आणि ते प्रमाणही त्यांनी ठरवलं होतं: एक चतुर्थांश. १९९८ साली अष्टेकर, जॉन बाएझ, अलेहान्द्रो कोरिची आणि किरिल क्रास्नोव्ह यांनी पृष्ठावरचे क्षेत्रफळाचे कण मोजून प्रमाण बरोबर काढलं. मोठं यश. पण सिद्धांतात एक स्थिरांक आहे, बार्बेरो-इमिर्झी यांच्या नावाचा, आणि त्याची किंमत सिद्धांत स्वतः सांगत नाही. ती हे एक चतुर्थांश यावं अशीच निवडावी लागते. सगळ्या प्रकारच्या कृष्णविवरांना एकच किंमत चालते, हे त्यांच्या बाजूनं. तरी वाणी आधी बेरीज ठरवून मग भाव लावतो, तसं काहीसं हे आहे, आणि टीकाकार ते बोलून दाखवतात. स्ट्रिंग सिद्धांताची मंडळी तर नक्कीच. तो पक्ष संख्येनंही मोठा आहे.

आपल्या पुण्यातच तिसरं मतही होतं. आयुकातले थानू पद्मनाभन, २०२१ साली गेले. ते म्हणत, गुरुत्वाचं समीकरण हे पाण्याच्या तापमानासारखं आहे. तापमान हा पाण्याच्या एका रेणूचा गुण नसतो, कोट्यवधी रेणू एकत्र आल्यावर ते दिसतं. मग आइन्स्टाइनचं समीकरण घेऊन त्यावर पुंज भौतिकी चढवणं म्हणजे तापमानातून रेणू काढायला बसणं. आम्हाला हा आक्षेप फार वजनाचा वाटतो.

सगळ्यात जास्त उत्सुकता असते ती विश्वाच्या आरंभाची. महास्फोटाच्या क्षणी आइन्स्टाइनची समीकरणं घनता अनंत सांगतात, म्हणजे खरं तर काहीच सांगत नाहीत. मार्टिन बोयोवाल्ड यांनी २००१ साली लूपची पद्धत विश्वाला लावून दाखवली. २००६ साली अष्टेकर, टोमाश पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हिशेब पुरा केला. जागा दाणेदार धरली की घनता एका मर्यादेपर्यंतच वाढते. मग गुरुत्व ओढायच्या ऐवजी ढकलू लागतं आणि आकुंचन पावणारं विश्व उसळी घेऊन पसरू लागतं. ती मर्यादा अणुकेंद्राच्या घनतेच्या १ वर ७९ शून्यं इतक्या पट आहे. नारळीकरांनाही महास्फोटाचा आरंभ मान्य नव्हता, म्हणून लोक दोन्ही एकत्र करतात. तसं करू नये. हॉइल आणि नारळीकर पदार्थाच्या नव्या निर्मितीकडून गेले, अष्टेकर जागेच्या कणांकडून. महास्फोटानंतरचा इतिहास अष्टेकर नाकारत नाहीत, त्याच्या आधीचं पान उलटतात.

हे मोजता येईल का? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहायची आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सुमारे २६०० कोटींच्या खर्चाला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाएवढा फरक टिपायचा. किल्लारीचा भूकंप अंगावर झेललेल्या आपल्या भागाला जमीन हलणं म्हणजे काय ते माहीत आहे, पण तिथे रस्त्यावरून गेलेला ट्रकसुद्धा अडथळा ठरतो. आपल्या मराठवाड्यात हे होतंय याचा आम्हाला आनंद आहे. पण खोटी आशा नको. ती वेधशाळा जागेवरच्या लाटा मोजेल, जागेचे कण नाही. प्रोटॉनच्या हजाराव्या भागापासून प्लँक लांबीपर्यंत अजून सतरा शून्यं उरतात.

आशा आहे ती दुसरीकडे. विश्वाच्या बाल्यावस्थेतला प्रकाश आजही आकाशभर मंद सूक्ष्मलहरींच्या रूपात आहे. प्लँक उपग्रहानं त्याचा नकाशा काढला. आकाशाच्या फार मोठ्या कोनांवर त्या नकाशात चढउतार अपेक्षेपेक्षा कमी दिसतात. २०२० साली अष्टेकर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की उसळीच्या वेळचे परिणाम धरले तर ही विसंगती सौम्य होते. अडचण अशी की आपल्याला आकाश एकच मिळालं आहे. नाणं एकदाच उडवलं आणि छापा आला, तर नाणं खोटं की योगायोग? मोठ्या कोनांवर आपली अवस्था जवळजवळ तशी आहे. म्हणून त्याच हिशेबातून त्या प्रकाशाच्या ध्रुवीकरणाबद्दलही भाकितं निघतात, आणि ती पुढच्या उपकरणांना तपासता येतील. तिथे आकडे जुळले नाहीत, तर या मांडणीला धक्का बसेल. जुळले तरी लगेच जागेचे कण सिद्ध होणार नाहीत, कारण तेच आकडे देणारी दुसरी मांडणी कोणी ना कोणी काढेलच.

काळाबद्दल आज आम्ही मुद्दाम बोललो नाही. डेविटच्या त्या १९६७ च्या समीकरणात काळ हे अक्षरच नाही, आणि अष्टेकरांच्या भाषेत लिहिलं तरी ते परत येत नाही. मग उसळीच्या “आधी” म्हणजे काय? दोन चिठ्ठ्या त्यावरच आहेत. त्या जपून ठेवल्या आहेत, पुढचं व्याख्यान तिथूनच सुरू करू.